वीजबिलाची खतावणी

व्यापारी घरात हिशेबाचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. रोजमेळ, खतावणी, जमा-नावे हे शब्द मुलांच्या कानांवर पाळण्यातच पडतात. दुकानातील मालाच्या खरेदीत किलोमागे पन्नास पैशांचा फरक आपल्या लगेच ध्यानात येतो. मात्र दरमहा घरी येणारे वीजबिल हातात पडले की आपण फक्त खालची ठळक रक्कम पाहतो, एक उसासा टाकतो आणि ते भरून मोकळे होतो. त्या कागदावर मीटरचे आकडे, दर, आकार, शुल्क आणि मागील बारा महिन्यांचा वापर इतका सविस्तर मांडलेला असतो की एखाद्या पेढीचे खातेसुद्धा इतके उघडे नसते. तरीही ते वाचण्याची सवय फार थोड्या कुटुंबांना आहे.

ही सवय आज विशेष आवश्यक झाली आहे, कारण अनेक घरांतून गॅस बाहेर पडत आहे. नव्या इमारतींत गॅसची नळवाहिनी अद्याप आलेली नसते. घरात वृद्ध एकटे असतात म्हणून मुले सिलिंडर नको म्हणतात. कोठे गळतीचा धसका बसलेला असतो. मग इंडक्शन शेगडी, विजेचा कुकर, गिझर, ओव्हन अशी सारी कामे विजेवर जातात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बिल दुपटीच्या घरात जाते आणि घरात शोध सुरू होतो, की ही वीज उधळली कोणी?

या प्रश्नाचे उत्तर माणसांत शोधण्यापूर्वी कागदात शोधावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

बिल म्हणजे एक रक्कम नव्हे

महावितरणचे बिल घेतले तर त्यात मुख्यतः पाच रकमा दिसतात. पहिला 'स्थिर आकार', म्हणजे आपण एकही युनिट वापरले नाही तरी द्यावी लागणारी रक्कम. दुसरा 'वीज आकार', म्हणजे वापरलेल्या युनिटची किंमत. तिसरा 'वहन आकार', म्हणजे ती वीज आपल्या दारापर्यंत आणण्याचे भाडे; हाही युनिटवरच लागतो. चौथा 'इंधन समायोजन आकार', जो वीजखरेदीच्या खर्चानुसार कमीजास्त होतो. पाचवे राज्य शासनाचे 'वीज शुल्क'. घरगुती ग्राहकांना ते १६ टक्के आहे. हे शुल्क बाकीच्या आकारांवर लागत असल्याने मूळ रक्कम वाढली की शुल्कही आपोआप वाढते.

यांखेरीज मागील थकबाकी, त्यावरील व्याज किंवा समायोजनाची रक्कम असू शकते. म्हणून 'बिल वाढले' असे म्हणण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावा, की युनिट वाढले, दर वाढला, की मागची बाकी आत येऊन बसली? तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

टप्प्यांचे गणित

घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो. पहिली १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि ५०० च्या पुढील चौथ्या दराने आकारली जातात. व्यापारात माल जितका जास्त घ्यावा तितका भाव उतरतो. येथे ते उलटे आहे. जास्त घेणाऱ्याला पुढचा माल महाग पडतो.

महावितरणचे २०२४-२५ चे दर उदाहरणासाठी घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्याचा दर युनिटला ५.८८ रुपये, दुसऱ्याचा ११.४६ रुपये, तिसऱ्याचा १५.७२ रुपये आणि चौथ्याचा १७.८१ रुपये होता. सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता. त्यानंतर दर बदलले आहेत आणि पुढेही बदलतील. मुंबईतील अदानी, टाटा आणि बेस्ट यांची दरपत्रके तर स्वतंत्र आहेत. त्यामुळे आपल्या घरचा हिशेब आपल्या चालू बिलावरील दरांनीच करावा. रीत मात्र सर्वत्र हीच.

समजा, एका घराचा वापर महिन्याला २४० युनिट आहे. पहिल्या शंभराचे ५८८ रुपये, उरलेल्या १४० चे १,६०४ रुपये, स्थिर आकार १२८ रुपये आणि वरती १६ टक्के शुल्क. इंधन समायोजन बाजूला ठेवले तर बिल सुमारे २,६९२ रुपये होते. आता त्याच घराने गॅस सोडला आणि वापर १४० युनिटने वाढून ३८० झाला. याच दरांनी बिल ४,९४८ रुपये होते. युनिट वाढले ५८ टक्के, रक्कम वाढली ८४ टक्के. वाढीव प्रत्येक युनिट शुल्कासह सरासरी सोळा रुपयांना पडले, जरी पहिल्या शंभरापैकी प्रत्येक युनिट शुल्कासह सात रुपयांच्या आतच मिळत होते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एखाद्या उपकरणाचा खर्च मोजताना बिलाची रक्कम भागिले युनिट अशी सरासरी काढून चालत नाही. ते उपकरण नसते तर जी शेवटची युनिटे वाचली असती, त्यांचा दर धरावा लागतो. बचतीचेही तसेच आहे. वाचवलेले प्रत्येक युनिट आपल्या सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होते.

एक सिलिंडर म्हणजे किती युनिट?

वरच्या उदाहरणात १४० युनिट हा आकडा सहज घेतलेला नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातील उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर सुमारे १८० युनिट भरते. मात्र शेगडीवरील बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने हवेत जाते. चांगल्या शेगडीत दोन-तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे सुमारे १२० युनिट, अन्नाला मिळते. इंडक्शनमध्ये भांडेच तापते, त्यामुळे ८५ टक्क्यांच्या जवळपास उष्णता उपयोगी पडते. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करण्यास साधारण १४० युनिट लागतील.

म्हणजे ज्या घरात महिन्याला एक सिलिंडर संपत असे, त्या घराचा वीजवापर कोणतीही उधळपट्टी न होता १४० युनिटने वाढणारच. २०२४-२५ मध्ये मुंबईत सिलिंडरची किंमत आठशे रुपयांच्या आसपास होती. तीच उष्णता विजेतून घेताना, ती युनिटे दुसऱ्या टप्प्यात पडली तर शुल्कासह सुमारे १,८६० रुपये, आणि तिसऱ्या टप्प्यात पडली तर सुमारे २,५५० रुपये लागत होते. उष्णतेचा उपयोग इंडक्शनवर अधिक चांगला होतो हे खरे, परंतु आपल्या राज्यातील दरांमुळे स्वयंपाकासाठी ती स्वस्त ठरत नाही. विक्रेत्याने 'गॅसपेक्षा बचत' असे सांगितले असेल तर ते कोणत्या टप्प्याच्या दराने, हे त्याला अवश्य विचारावे.

याचा अर्थ इंडक्शन नको असा नाही. विसराळू झालेल्या सासूबाई घरात एकट्या असतील, तर उघड्या ज्योतीपेक्षा ती निर्धोक आहे, आणि त्या निर्धोकपणाची काही किंमत देणे शहाणपणाचेच. किंमत किती, हे मात्र आधी ठाऊक असावे.

दोन भावांचे एक मीटर

२४० युनिटचे उदाहरण ज्या घराचे, त्या माझ्या परिचयातील कुटुंबाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. धान्याचा व्यापार, खाली दुकान, वर घर. दोघे भाऊ एकत्र आणि माणसे सात. २०२४ च्या दिवाळीपूर्वी सिलिंडरच्या नळीतून गॅस गळाला. सुदैवाने अनर्थ टळला, परंतु आईंनी हाय खाल्ली आणि दिवाळीपासून घरात गॅस बंद झाला. धाकट्या सूनबाईंनी पुढाकार घेऊन दोन इंडक्शन शेगड्या आणल्या.

पहिल्या दोन महिन्यांची बिले नेहमीप्रमाणेच, २४० युनिटची आली. सर्वांना वाटले, इंडक्शनला काही फारशी वीज लागत नाही. तिसऱ्या महिन्यात ७८० युनिटचे बिल आले, १२,९२१ रुपयांचे. थोरले बंधू वीजबिल दुकानाच्या गल्ल्यातून भरत. त्यांनी तो कागद जेवणाच्या वेळी सर्वांसमोर ठेवला. नाव कोणाचेही घेतले नाही, परंतु इंडक्शनवर धाकट्या सूनबाई जास्त वेळ असतात हे सर्वांना माहीत होते. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात कमी बोलू लागल्या. आठवड्याने धाकट्या भावाने वेगळ्या मीटरचा विषय काढला. वेगळे मीटर म्हणजे वेगळी चूल, हे व्यापारी घरांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

थोरले बंधू माझ्याकडे आले ते बिल घेऊन नव्हे, तर वाटणीचा सल्ला विचारण्यास. "साहेब, घर मोडायचे नाही, पण रोजची धुसफूसही सोसवत नाही," असे ते म्हणाले. मी त्यांना म्हटले, "शेठजी, वाटणीचे नंतर पाहू. आधी वर्षभराची बिले घेऊन या."

बिले समोर ठेवताच पहिली गोष्ट दिसली. आधीच्या दोन्ही बिलांवर चालू रीडिंगच्या जागी 'लॉक' असा शेरा होता. मीटर जिन्याखाली होते आणि जिन्याचे दार दुपारी बंद असे. रीडिंग घेणारा येऊन परत गेला होता आणि कंपनीने मागील सरासरीवर २४० युनिटचे बिल केले होते. इंडक्शनची वीज त्या दोन महिन्यांतही खर्च झाली होती. ती फक्त कागदावर आली नव्हती. तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष रीडिंग झाले आणि सारा फरक एकाच बिलात उतरला. तीन महिन्यांचा खरा वापर होता १,२६० युनिट, म्हणजे महिन्याला ४२०.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. साचलेली युनिटे तीन महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ मिळावयास हवा. सहसा संगणक हे करतो. या बिलात ते झालेले नव्हते आणि ७८० युनिटे एकाच महिन्याची धरली गेली होती. ४२० युनिटचे एका महिन्याचे बिल ५,६७८ रुपये, तीन महिन्यांचे १७,०३३ रुपये. त्यातून आधी भरलेले ५,३८३ रुपये वजा करता देणे राहते ११,६४९ रुपये. बिल होते १२,९२१ रुपयांचे. चूक १,२७२ रुपयांची होती. लेखी अर्ज आणि मीटरचे छायाचित्र दिल्यावर ती रक्कम पुढील बिलात वजा झाली.

शेठजींना वाटले होते की चूक दहा हजारांची निघेल. ती तेवढी नव्हती. वापर खराच वाढलेला होता. २४० वरून ४२०, म्हणजे १८० युनिट. त्यांतील १४० युनिट एका सिलिंडरच्या जागी आलेली, आणि ४० च्या आसपास थंडीतील गिझरची, जी दर हिवाळ्यात येतच होती. मागील वर्षीच्या बिलांत ती वाढ स्पष्ट दिसत होती.

मग मी एक प्रश्न विचारला, सिलिंडरचे पैसे कोण देत असे? ते थोरल्या वहिनींच्या घरखर्चातून जात. आता सिलिंडर बंद झाल्याने घरखर्चाच्या खात्यात दरमहा आठशे रुपये उरत होते आणि त्याची नोंद कोणी घेतली नव्हती. वीजबिल मात्र दुकानाच्या गल्ल्यातून जात असल्याने तेथील भार डोळ्यांत भरत होता. एका खात्यातील खर्च दुसऱ्या खात्यात गेला होता, इतकेच. व्यापाऱ्याच्या घरात खतावणीची एक नोंद राहून गेली आणि त्याचा दोष एका सूनबाईंच्या माथी आला.

खर्चात खरोखर झालेली वाढ दरमहा सुमारे २,२०० रुपये होती, आणि तीही बहुतांशी आईंच्या मनातील भीती घालवण्यासाठी सर्वांनी मिळून स्वीकारलेली. हे आकडे शेठजींनी त्या रात्री घरात सर्वांसमोर वाचून दाखवले, ज्या जागी बिल ठेवले होते त्याच जागी. वेगळ्या मीटरचा विषय पुन्हा निघाला नाही.

युनिट कोठे जाते?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. एवढ्या सूत्रावर घरातील प्रत्येक वस्तूचा अंदाज काढता येतो.

पाणी तापवणे हा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे. हिवाळ्यात २२ अंशांचे वीस लिटर पाणी ४० अंशांवर नेण्यास सुमारे ०.४२ युनिट लागते. पाच माणसांच्या घरात बादलीने स्नान केले तर महिन्याला ६३ युनिट. तेच शॉवरखाली प्रत्येकी पन्नास लिटर वापरले तर १५७ युनिट. शॉवर आणि बादली यांतील हा फरक महिन्याला ९० युनिटहून अधिक आहे आणि तो बहुधा महागड्या टप्प्यातच पडतो. गिझर दिवसभर चालू ठेवल्यास पाणी निवत राहते आणि थर्मोस्टॅट ते पुनःपुन्हा तापवतो. स्नानापूर्वी चालू करून नंतर बंद करणे हाच मार्ग. गच्ची असेल तर सौर बंब हा सर्वांत आधी करावयाचा खर्च आहे.

आपल्या अनेक घरांत पिण्याचे पाणीही उकळून घेतले जाते. एक लिटर पाणी इंडक्शनवर उकळण्यास सुमारे ०.१ युनिट लागते. रोज दहा लिटर उकळले तर महिन्याला ३० युनिट. हा नियमाचा भाग आहे, तेथे काटकसर सुचवण्याचा प्रश्नच नाही. परंतु भांड्यावर झाकण ठेवणे, भांड्याचा तळ सपाट असणे, उकळी येताच शेगडी बंद करणे आणि सौर बंबाचे स्वच्छ, पिण्यायोग्य पाणी मिळत असल्यास तेच उकळण्यास घेणे, यांनी नियम न मोडता खर्च कमी होतो. डाळी आधी भिजवणे आणि कुकर वापरणे हे तर जुन्या गृहिणींना सांगावयास नको.

ए.सी.च्या ऊर्जा-लेबलवर वर्षाला १,६०० तास वापर धरून लागणारी युनिटे छापलेली असतात. तेथे ९६० लिहिले असेल तर तासाला ०.६ युनिट. रोज रात्री आठ तास चालला तर महिन्याला १४४ युनिट, म्हणजे स्वयंपाकाएवढेच. तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता विभाग सांगतो. २४-२५ अंश आणि मंद पंखा ही जोडी पुरेशी होते.

याउलट मोबाइलचा चार्जर किंवा एल.ई.डी. दिवा यांवरून घरात होणारे वाद निरर्थक असतात. नऊ वॅटचा दिवा रोज सहा तास लागला तर महिन्याला दीड-पावणेदोन युनिट होतात. मात्र चोवीस तास चालणाऱ्या वस्तू पाहाव्यात. दहा वॅटचा राउटरही महिन्याला सात युनिट घेतो. जुनी बॅटरी असलेला इन्व्हर्टर आणि रबर सैल झालेला फ्रिज त्याहून कितीतरी जास्त खातात.

मीटर तपासण्याची घरगुती रीत

वापर आणि बिल यांचा मेळ बसत नसेल तर मीटरकडे जावे. त्यावर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल हे मीटरवरच छापलेले असते. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३,२०० असतो.

प्रथम घरातील सर्व बटणे बंद करावीत, प्लग काढावेत आणि मुख्य स्विच चालू ठेवावा. दिवा स्थिर राहावयास हवा. तो लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा एखादी वस्तू चालू राहिली आहे. मग मुख्य स्विचही बंद करावा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर मीटर सदोष असू शकते किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे जोड गेलेली असू शकते. जुन्या इमारतींत जिन्याचा दिवा किंवा पंप एखाद्याच्या मीटरवर सापडल्याची उदाहरणे आहेत. यानंतर केवळ २,००० वॅटचा गिझर चालू करून एक मिनिट मोजावे. ३,२०० च्या मीटरवर सुमारे १०७ वेळा लुकलुक व्हावी. फार मोठी तफावत दिसली तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करावा. वायरिंग उघडण्याचे काम मात्र परवानाधारक तंत्रज्ञाचेच आहे. इंडक्शन आणि गिझर १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच असावेत. सैल प्लग तापतो, वितळतो आणि आगीचे कारण होतो.

तक्रार कशी करावी?

तोंडी तक्रारीला आधार राहत नाही. ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, मीटरचे तारखेसह छायाचित्र आणि नेमकी मागणी यांसह लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. कार्यालयात दाद लागली नाही तर वीज कायदा २००३ अन्वये ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. मंचासमोर ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो.

वादाच्या काळात बिल सरळ थकवू नये. याच कायद्याच्या कलम ५६ नुसार मागणीची रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतील जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणेही बंधनकारक आहे. म्हणूनच 'आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा' असा संदेश मोबाइलवर आला तर तो फसवणुकीचा समजावा. असल्या संदेशाला घाबरून दिलेल्या एका ओटीपीने आयुष्यभराची ठेव गेलेले खातेदार मी बँकेच्या खिडकीतून पाहिले आहेत.

वर्षातून एकदा येणाऱ्या 'अतिरिक्त सुरक्षा ठेवी'च्या बिलानेही गोंधळ होतो. मासिक बिल असणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेवण्याचा नियम आहे. घर पूर्ण विजेवर गेले की सरासरी वाढते आणि ठेवीतील फरक मागितला जातो. तो खर्च नव्हे. ती आपली येणे रक्कम आहे. तिच्यावर व्याज मिळते आणि जोडणी बंद केल्यावर ती परत मिळते. पावती जपून ठेवावी आणि घराच्या हिशेबात ती येण्याच्या बाजूला लिहावी.

व्यापारी घरांसाठी विशेष

घरातूनच छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांना वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत घरगुती दराची सवलत आहे, परंतु महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आतच. स्वयंपाक विजेवर नेल्याने ही मर्यादा ओलांडली गेली तर व्यवसायाची जोडणी वेगळी घेणे भाग पडते. घरगुती मीटरवरून दुकान चालवणे हा कलम १२६ खालील अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

घर पूर्ण विजेवर नेताना मंजूर भारही पाहावा. दोन शेगड्या, दोन गिझर आणि दोन ए.सी. एकत्र चालले तर सिंगल फेज पुरत नाही. थ्री फेज घेतल्यास स्थिर आकार वाढतो. २०२४-२५ मध्ये तो १२८ ऐवजी ४२४ रुपये होता.

सौर छताचा विचार टप्प्यांच्या गणितानेच करावा. एक किलोवॅटची यंत्रणा महिन्याला सुमारे १२० युनिट देते आणि ती आपल्या सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. चारशे-पाचशे युनिट वापरणाऱ्या घराला हा खर्च लवकर वसूल होतो. दीडशे युनिटच्या घराला घाई नाही.

जुलै २०२५ पासून नवे टी.ओ.डी. मीटर असणाऱ्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत सुरू झाली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांचा संध्याकाळचा स्वयंपाक बराचसा या वेळेत बसतो. पाणी उकळणे, कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री ही कामेही दुपारी उरकल्यास लाभ होईल. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरल्यास मिळणारी एक टक्का सूट अनेकजण सोडून देतात. उशीर झाल्यास मात्र सव्वा टक्का आकार पडतो.

शेवटी एक छोटी सवय सुचवतो. घराच्या वहीत एक पान वीजेसाठी राखावे. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा लिहावा, त्याखाली बिलाची युनिटे, आणि शेजारी त्या महिन्यात लागलेले सिलिंडर व घरातील माणसांची संख्या. पाहुणे आले, परीक्षा होत्या, कोणी आजारी होते, तेही एका शब्दात नोंदवावे. पाच मिनिटांचे हे काम घरातील एखाद्या नातवाला किंवा नातीला द्यावे. वर्षअखेरीस ते पान उघडले की बिल का वाढले याचे उत्तर त्या आकड्यांतच मिळेल, आणि त्यासाठी घरातील कोणाकडेही बोट दाखवावे लागणार नाही.